वर्तणुकीचा रकाना

सकाळी सात वाजता, तुमच्या तोंडात कडुनिंबाची काडी असताना, शाळेचे हेडमास्तर तुमच्या ओसरीवर येऊन बसले आणि रामराम झाल्या-झाल्या विचारू लागले, "तुमचा पोरगा बैलाले काय म्हणते?" तर तुम्ही काय उत्तर द्याल?

आमच्या गावातले लोक पहिल्यांदा घाबरायचेच. पोरानं कोणाच्या बैलाला काही केलं की काय, असं वाटायचं. "काही नाही म्हणत जी, हाकलते फक्त," असं बाप म्हणाला की साबळे सर मान हलवायचे. "हाकलते, ते ठीक हाय. पण म्हणते काय? शिव्या देते, का नाव घेऊन बोलते?" मग सगळं घर आठवायला बसायचं. आजी म्हणायची, देतो की शिव्या. आई म्हणायची, माझं लेकरू शिव्या देतच नाही. बाप म्हणायचा, पोरगा बरा आहे, बैलच तसा आहे. सर सगळ्यांचं ऐकून घेत, उठत, आणि जाता जाता गोठ्यात डोकावून बैलाकडेही एकदा बघत. बैलाची बाजू ऐकायची राहून गेली, असं त्यांना वाटत असावं.

हा सगळा उपद्व्याप कशासाठी? तर शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' नावाचा एक रकाना असतो, त्यासाठी. रकाना दोन बोटं रुंद. जगात जेवढे म्हणून शाळेचे कारकून झाले, त्या सगळ्यांनी त्यात आजवर एकच शब्द लिहिला आहे, 'चांगली'. पोरगं साधू असो की अट्टल चोर, वर्तणूक चांगली. लोणार-मेहकर रस्त्यावरच्या आमच्या गावच्या हायस्कुलात मी कारकून होतो आणि मीही तेच लिहीत होतो. महाराष्ट्र राज्य नवीन होतं, मी नवीन होतो, आणि माझं सगळं सुरळीत चाललं होतं. मग साबळे सर हेडमास्तर होऊन आले.

पहिल्याच उन्हाळ्यात माझी हुशारी माझ्या अंगाशी आली. जूनमध्ये दाखल्यांची झुंबड उडते, म्हणून मी रिकाम्या वेळात शंभर कोरे दाखले घेतले आणि सगळ्यांवर सुवाच्य अक्षरात आधीच 'चांगली' लिहून ठेवलं. तो गठ्ठा सरांच्या हाती लागला. त्यांनी वरचा कागद उचलला, चष्मा कपाळावर नेला, पुन्हा खाली आणला.

"बाबू, हा कोण हाय?"

"कोणी नाही सर. कोरा आहे."

"नाव नाही, गाव नाही, बापाचा पत्ता नाही, अन् वर्तणूक चांगली? जन्माले यायच्या आधीच?"

मी म्हणालो, "सर, सगळे असंच लिहितात." हे वाक्य मी त्यांच्यासमोर बोललो ते शेवटचं. त्यावर त्यांनी मला जे विचारलं, ते पुढची आठ वर्षं मी रोज ऐकलं. "आपण पाह्यलं काय? नाही ना? मंग कसं लिहावं?"

तेव्हापासून हे पाहणं सुरू झालं. सर दाखल्यावर शब्द लिहीत नसत, वाक्य लिहीत. म्हणजे सांगत ते, आणि दोन बोटांच्या रकान्यात ते कोंबत मी. 'उशिरा येतो, पण धावत येतो.' 'कॉपी करताना सापडला. सापडल्यावर मित्राचे नाव घेतले नाही.' माझं अक्षर मुंगीएवढं झालं आणि डोळ्यांना चष्मा लागला. घरी बायकोजवळ मी सरांना काय काय म्हणायचो ते इथं लिहिण्यासारखं नाही. सरांसमोर मात्र मी फक्त "हो सर" म्हणायचो. पाठीमागे बडबडायचं आणि समोर मान डोलवायची, असा माझा स्वभाव आहे, आता लपवून काय करू?

पाटलांच्या मुलाच्या दाखल्यावर सरांनी लिहिलं, 'बैलाशी गोड बोलतो. गड्याशी तसे बोलायला शिकतो आहे.' पाटील तावातावानं शाळेत आले. मी आपला कपाटाआड झालो. सर म्हणाले, "बसा पाटील. यातलं खोटं काय ते सांगा, आत्ता खोडतो." पाटील बसले. पाच मिनिटं विचार केला, चहा प्यायले आणि म्हणाले, "शिकून राह्यला, हे तरी खरं हाय ना, मास्तर?" सर म्हणाले, "हाव. म्या पाह्यलं." पाटील दाखला घडी करून खिशात घालून गेले. पुढे तर अशी गंमत झाली की सोयरीक जुळवताना लोक पत्रिकेच्या आधी दाखला मागू लागले. साबळे सरांनी काय लिहिलं ते दाखवा, मग पुढचं बोलू.

त्याच सुमारास वरून कागद आला, की आठवड्यातून एक तास चारित्र्यशिक्षणासाठी राखून ठेवावा. बाकीचे मास्तर त्या तासाला खरं बोलणाऱ्या राजाची गोष्ट सांगत आणि पोरं पेंगत. सरांना हे पटेना. "गोष्टीतला राजा खरं बोलते, त्यात आपल्या पोट्ट्यायचं काय गेलं?" विज्ञानाला प्रात्यक्षिक असतं तसं याचंही पाहिजे, असं त्यांनी जाहीर केलं. पहिलं प्रात्यक्षिक ऐकण्याचं ठेवलं. गावात यमुनाबाई नावाच्या फार म्हाताऱ्या बाई होत्या. सगळी नववी त्यांच्या अंगणात नेऊन बसवली. नियम एकच, आजी थांबल्याशिवाय कोणी उठायचं नाही.

आता, यमुनाबाईंचं कोणी पूर्ण ऐकून घेतलं त्याला तीस वर्षं तरी झाली असतील. त्यांनी साडेदहाला आपल्या लग्नापासून सुरुवात केली. बारा वाजता सुपारी फुटली. दीडला वऱ्हाड निघालं. नेमके त्याच दिवशी शाळा तपासायला साहेब आले. नववीचा वर्ग रिकामा पाहून त्यांनी विचारलं, मुलं कुठं आहेत? सर म्हणाले, "प्रात्यक्षिक चालू हाय, चला," आणि साहेबांना हाताशी धरून अंगणात नेऊन बसवलं. नियम साहेबांनाही लागू झाला. बैलगाडीचं चाक निखळलं तेव्हा साहेब पुढे सरकून बसले. आईनं नवरीच्या पदराला गूळ-खोबरं बांधलं तेव्हा त्यांनी रुमाल काढला. साडेपाचची शेवटची गाडी आली म्हणून ते नाइलाजानं उठले. नवरी तोवर सासरी पोचलीच नव्हती. तपासणी अर्थातच राहिली, आणि साहेबांनी पुढे पत्र पाठवून विचारलं की पुढं काय झालं.

असं सगळं मजेत चाललं होतं. मग प्रभाचा दाखला परत आला.

प्रभा गवई. बौद्धवाड्यातून मॅट्रिक झालेली पहिली मुलगी. वडील नव्हते, आई लोकांच्या वावरात कामाला जायची, आणि सुट्टीच्या दिवशी प्रभाही. शाळेत तिची ख्याती एकच, भांडण. आमच्या शाळेत पाण्याचा माठ होता. तिच्या वस्तीतल्या लहान पोरांना शिपाई पेला देत नसे, ओंजळीत वरून पाणी ओतायचा. इतकी वर्षं मी ते पाहत होतो आणि काही बोललो नव्हतो, हेही आता सांगूनच टाकतो. प्रभा स्वतः घरून तांब्या आणायची. पण त्या पोरांसाठी ती शिपायाशी भांडली, मास्तरांशी भांडली, शेवटी सरांच्या खोलीत येऊन भांडली. सर उठून माठाजवळ गेले, एका पोराला पेल्यानं पाणी पाजलं आणि त्याच पेल्यानं आपण प्यायले. त्या दिवसापासून पेला सगळ्यांचा झाला. तिची अशी भांडणं मी किती सांगू?

तर सरांनी तिच्या दाखल्यावर लिहायला सांगितलं, 'भांडखोर आहे. परंतु स्वतःसाठी एकदाही भांडलेली नाही.' याहून मोठी शाबासकी त्यांनी कोणालाच दिली नव्हती.

प्रभाला मास्तरीण व्हायचं होतं. बुलढाण्याला ट्रेनिंगला अर्ज केला, नंबर लागला, आणि कागद तपासायच्या दिवशी सगळं फिसकटलं. प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी, सकाळी, ती आईला घेऊन ऑफिसात आली. सर माझ्याच टेबलाजवळ उभे होते. तिनं दाखला त्यांच्यापुढं ठेवला.

"सर, हे तुमी लिहिलं?"

"हाव, मीच सांगितलं."

"तिथल्या बाबूनं पह्यला शब्द वाचला अन् कागद माह्याकडं सरकवला. म्हणे, भांडखोर पोरगी मास्तरीण कशी होईन? शाळेनंच लिहून देलं."

"पण पुढचं वाक्य..."

"पुढचं वाक्य कोण वाचते, सर?"

आई घाबरली. "प्रभे, गुर्जीले असं बोलू नोको, माय."

"तू थांब," प्रभा म्हणाली, आणि मग तिचा आवाज चढला. "तुमी खरं लिहिलं, मान्य हाय मले. पण तुमचं खरं तुमच्यापाशीच राह्यते अन् माही जागा जाते! निंदून-खुरपून शाळेत आली मी, सर. दिव्याच्या काचेले ठिगळ लावून अभ्यास केला. उद्या शेवटची तारीख हाय. मले दुसरा दाखला पायजे. माह्यासाठी पायजे. आत्ता पायजे!" आणि तिनं टेबलावर असा हात आपटला की माझी दौत उडाली आणि हजेरीपटावर शाई सांडली.

सरांवर आवाज चढवलेला मी कधी ऐकलाच नव्हता. सर तिच्याकडं बघत राहिले. मग दाखल्याकडं बघितलं. मग हळूहळू त्यांचा चेहरा असा काही उजळला, की मला वाटलं उन्हानं काही झालं यांना.

"बाबू, ऐकलं?"

"हो सर."

"काय ऐकलं?"

"भांडण, सर."

"कोणासाठी भांडली?"

"स्वतःसाठी, सर."

"मंग हे वाक्य खोटं झालं ना बे!" आठ वर्षांत ते मला पहिल्यांदा 'बे' म्हणाले. "एकदाही भांडलेली नाही म्हणते हा कागद. साफ खोटं! आपल्या शाळेतून खोटा कागद बाहेर जाईन? रद्द कर. नवा काढ."

मी नवा दाखला काढला, नाव-गाव-जन्मतारीख भरली आणि रकान्यापाशी थांबलो. मुंगीएवढं अक्षर काढायची तयारी ठेवली होती. सर प्रभाकडं बराच वेळ बघत होते. तिचे डोळे अजून लालच होते.

"लिही," ते म्हणाले. "चांगली."

"नुसतं चांगली, सर?"

"नुसतं. पाहून लिहून राह्यलो आपण."

तो शब्द मी आयुष्यात हजारदा लिहिला असेल. त्या दिवशी तो लिहिताना मला रडू आलं, खरं सांगतो. शाई सुकायची वाटही सरांनी पाहिली नाही. पिशवीत धोतर कोंबलं आणि दोघी मायलेकींबरोबर तेही एकच्या गाडीत चढले. बसायला जागा नव्हती, मेहकरपर्यंत तिघंही उभेच गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर एकटेच परत आले. घरी न जाता थेट ऑफिसात येऊन माझ्यासमोर बसले.

"झाला प्रवेश," ते म्हणाले. "त्या बाबूनं शब्द पाह्यला अन् शिक्का मारला. वर मान करूनबी नाही पाह्यलं. इतकं सोपं असते हे?"

"हो सर. आम्ही तसंच करतो."

मला वाटलं आता माझी खरडपट्टी निघणार. पण त्यांनी पायातली चप्पल काढली, पुन्हा घातली.

"बाबू, ती ओरडून राह्यली होती तवा तू असा भेदरून काऊन उभा होता?"

"मला वाटलं, सर, तुम्ही रागवाल."

"रागवू?" सर हसले. "आमची मंडळी लय भांडायची माह्याशी. भाजी आणली तं किडकी काऊन आणली, नाही आणली तं काऊन नाही आणली. मी इथं आलो त्याच्या आदल्या साली गेली ती. तवापासून सारे मले 'हो सर' म्हणतात. गाव म्हणते, मास्तर म्हणतात, तू म्हणते. घरात साधं भांडं आपटत नाही कोणी. काल त्या पोरीनं टेबलावर हात आपटला ना, बाबू... मले वाटलं, घरात कोणीतरी हाय."

मी "हो सर" म्हणणार होतो. तोंडातच राहिलं.

त्या रात्री मला काही धड जेवण गेलं नाही. सकाळी उठलो, सदरा घातला आणि तडक सरांच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. चुलीवर दूध उतू चाललं होतं, दोरीवर न पिळलेलं धोतर टपटप गळत होतं, आणि सर मधोमध बसून निवांत पेपर वाचत होते. मी उंबऱ्यातच उभा राहिलो. जन्मात कोणावर तोंडावर ओरडलो नव्हतो.

"सर, हे काय चाललंय?" मी ओरडलो. आवाज मध्येच चिरकला. "दूध सारं चुलीत चाललं अन् तुम्ही पेपर वाचता? हे घर आहे का गोठा?"

सरांनी पेपर खाली केला. चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

"अजून जरा मोठ्यानं, बाबू," ते म्हणाले. "ती याच्याहून मोठ्यानं ओरडायची."

मी आवाज वाढवला.