गट नंबर तीनची वांगी

सोनकांबळे भाऊसाहेबांच्या घरी जेवल्यावर हात कुठे धुवायचा, हे पाहुण्याने ठरवायचं नसे. उष्ट्या हाताने आपण मोरीकडे निघालो की मागून आवाज यायचा, "तिकडं न्हाई. गट नंबर तीनला चला, आज त्याची पाळी हाय."

गट नंबर तीन म्हणजे वांगी. एक नंबर मिरचीचा, दोन भेंडीचा आणि चार कोथिंबिरीचा. ही सगळी शेती सरकारी क्वार्टरच्या मागे, दोन बाजा जेमतेम मावतील एवढ्या जागेत. लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि नव्या कचेरीत आम्ही दोघे कारकून होतो. क्वार्टरही शेजारी-शेजारी, मध्ये कमरेएवढी भिंत.

दिवसभर भाऊसाहेब लोकांना सातबाऱ्याच्या नकला लिहून द्यायचे आणि घरी येऊन आपल्या चार वाफ्यांचा सातबारा लिहायचे. त्यासाठी वही होती, वहीत रकाने आखलेले होते. रोज सकाळी कानाला पेन्सिल लावून पीकपाहणी. 'रीतसर' हा त्यांचा लाडका शब्द. भेंडीवर मावा पडला तेव्हा त्यांनी आधी रीतसर पंचनामा लिहिला, मग राख टाकली. तोवर निम्मी भेंडी हातची गेली होती.

मी एकदा छेडलं, "भाऊसाहेब, जागा सरकारची. मग तुमच्या वहीत मालक कोण?"

त्यांनी खातेदाराच्या रकान्यावर अंगठा ठेवला. "ते येळ आल्यावर कळंल."

त्या वर्षी पाऊस फिरकलाच नाही. नळ आठवड्यातून एकदा यायचा, तोही खोकल्यासारखा. सरकारच्या आधी भाऊसाहेबांनी आपल्या वहीत दुष्काळ जाहीर केला. मग कडक हुकूम निघाले. पोरांनी वाफ्याशेजारच्या दगडावर बसून अंघोळ करायची, साबण बंद. भिंतीवरून माझ्या बायकोलाही सांगणं आलं, "वैनी, तांदूळ धुतल्यालं पानी फेकू नका बरं."

बायको आधी हसली. पुढे तीच इतकी कडक झाली की मी पेला विसळून पाणी मोरीत टाकलं, तर दिवसभर बोलली नाही.

एवढं करूनही कोथिंबीर गेली, मिरची गेली, भेंडीच्या काड्या उरल्या. होळीच्या सुमारास वांग्याचं एकच झाड हिरवं होतं आणि त्यावर चार वांगी. काळीभोर, तुकतुकीत. भाऊसाहेब येईल त्याला ती दाखवायचे, पण हात लावू द्यायचे नाहीत. त्यांची बायको कातावली, "अवो, बी धरून राहिली ती. कधी तोडता?"

"आई आल्यावर. पैलं तिच्या हातानं तोडायचं. रीतसर."

आई राहायची भोकरकडच्या खेड्यात. दोन वर्षं तिचा एकच निरोप, "खुरपन हाय, जमत न्हाई." यंदा कुणाच्या रानात खुरपायलाच काही उरलं नव्हतं, म्हणून ती यायला तयार झाली होती. भाऊसाहेब दोन रविवार एसटी स्टँडवर जाऊन एकटेच परत आले. वांगी पिवळी पडायला लागली. आपल्या पेल्यातलं निम्मं पाणी ते झाडाला घालू लागले, आणि त्यावरून त्यांची थट्टा करणं मी सोडून दिलं.

तिसऱ्या रविवारी म्हातारी आली. वाळलेली, पण ताठ. सगळ्यांना जयभीम घातला आणि चहालाही न थांबता थेट मागे गेली. आम्ही भिंतीशी उभे होतोच. तिने उकिडवं बसून माती चिमटीत घेतली, दोन पिवळी पानं खुडली. "माती बरी हाय," म्हणाली. भाऊसाहेबांची छाती फुगली.

मग तिने वांग्याला हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. इकडेतिकडे बघून हळूच विचारलं, "तोडायला कुनाला इचारावं लागतं रं, किसना?"

जन्मभर दुसऱ्याच्या रानात वांगी तोडलेली बाई ती. भाऊसाहेबांनी आत जाऊन वही आणली आणि माझ्या हातात दिली. "तुमी वाचा."

मी वाचलं, "गट नंबर तीन. पीक, वांगी. खातेदार, गयाबाई मारुती सोनकांबळे."

नियमाने ती नोंद साफ चुकीची होती. मी तीच पुन्हा वाचली, जरा मोठ्याने.

म्हातारीने मान हलवत ऐकून घेतलं. मग चारही वांगी सावकाश तोडून पदरात घेतली, त्यातली दोन निवडली आणि भिंतीवरून माझ्या बायकोपुढे धरली.

"घ्या बाई, लाजू नका. आमच्या रानातली हायेत."