घंटाघराचा जिना

आमचे चष्मेवाले म्हणजे शब्दाला पक्के माणूस, असं स्वतः चष्मेवालेच सांगत. दुकानात गिऱ्हाईक नंबर तपासायला बसलं की त्याच्या एका डोळ्यावर झाकण ठेवून ते आधी हीच कथा ऐकवत. "गेम सोडला म्हणजे सोडला! बायकोला शब्द दिला, कन्सोल चादरीत गुंडाळला आणि टाकला माळ्यावर. हं, वाचा खालची ओळ!"

आता शब्द दिला होता तो गेम न खेळण्याचा. गेममधलं गाव बघायला जाऊ नये, असं कुठं ठरलं होतं? आणि ते गाव खरोखरच होतं! तिथल्या गल्ल्या, दगडी कमानी, घंटाघर, सगळं उचलून गेमवाल्यांनी गेममध्ये घातलं होतं. चष्मेवाल्यांचा जीव तिथंच अडकलेला. तेव्हा लग्नाच्या वाढदिवसाला त्यांनी बायकोपुढे दोन तिकिटं ठेवली.

"हवापालट! खास तुझ्यासाठी!"

"अय्या, त्या गावाला?" बायको इतकी खुलली की चष्मेवाल्यांना स्वतःचीच लाज वाटली. पण तिकिटं तर काढून झाली होती!

बेत साधा होता. आपल्याला काही ठाऊकच नाही असं दाखवायचं आणि चुकतमाकत घंटाघर गाठायचं. बसमधून उतरल्याबरोबर त्यांनी डोकं खाजवलं. "आता कुठं जायचं बुवा?"

"उजवीकडे," बायको म्हणाली. "पुढं धुण्याचा हौद लागेल, तिथून डावीकडे."

चष्मेवाले जागच्या जागी थांबले. वाट अगदी बरोबर होती! "तुला काय माहीत?"

"अंदाज हो!"

हौद लागला. डावीकडे वळल्यावर ती म्हणाली, "वाका जरा, कमान बुटकी आहे." चष्मेवाले वाकले. मग बेकरीच्या मागच्या अंगणातून जवळची वाट काढत ती पुढे निघाली आणि स्वतःशीच पुटपुटली, "दिवसा किती वेगळं दिसतं नाही हे सगळं!"

दिवसा? म्हणजे ही रात्री येऊन गेली होती? चष्मेवाल्यांच्या पायाखालची जमीन सरकली. एकेक गोष्ट आठवायला लागली. ही रक्त तपासायच्या लॅबमधल्या नोकरीवरून दुपारीच घरी येते. हल्ली दुपारी फोन उचलत नाही. एकदा उचलला तर धापा टाकत म्हणाली होती, "आत्ता नको, जीव जाईल माझा!" आणि त्या लॅबमध्ये एक डॉक्टर आहे. उंच, केस दाट, डोळ्यांना चष्मासुद्धा नाही!

"खरं सांग," ते एका हिरव्या दारापाशी तिला अडवत म्हणाले, "कुणाबरोबर आली होतीस इथं?"

"कुणाबरोबर कशाला? एकटीच तर..." तिनं जीभ चावली.

"म्हणजे आली होतीस!"

"तसं नाही हो! तुम्ही आधी घंटाघरात वर चला, मग सांगते!" असं म्हणत तिनं ते हिरवं दार धाडकन ढकललं.

आत एक आजोबा टबात बसून डोक्याला साबण लावत होते.

"अगं बाई! इथं तर जिना असतो!" ती किंचाळली.

"जिना नाही, शिडी!" चष्मेवाले उसळले. "जिना घंटा वाजवल्यावर येतो!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आजोबांनी डोळ्यांवरचा फेस पुसला.

"घंटाघर पलीकडच्या गल्लीत आहे," ते वैतागून म्हणाले. "गेममध्ये ते माझ्या न्हाणीत आणून ठेवलंय मेल्यांनी! रोज कुणीतरी घुसतं! दार लावा!"

बाहेर पायरीवर दोघं शेजारी शेजारी बसले. कुणी कुणावर रागवायचं तेच कळेना.

"मला वाटलं, तो लॅबमधला डॉक्टर..." चष्मेवाल्यांनी कबूल केलं.

ती पोट धरून हसली. "अहो, तो? भलतंच! तुम्ही गेम सोडलात आणि मी माळ्यावरून काढला. म्हटलं, बघू तरी, या माणसाला आपल्यापेक्षा काय प्यारं आहे त्यात. आणि मग मलाच लागला नाद! त्यात सदा रात्रच असते, म्हणून तर दिवसा वेगळं वाटलं!"

चष्मेवाल्यांना भरून आलं. आपली बायको आपलीच होती! त्यांनी तिचा हात हातात घेतला. आता एकदम मोठं मन करून समजावून सांगायची वेळ होती.

"घाबरू नकोस हं. जिन्यावर तो दोन तोंडांचा पहारेकरी आहे ना, तो सोडतच नाही कुणाला. दोन वर्षं अडलो मी तिथं. आपण मिळून बघू. तू कुठवर आलीस?"

ती चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत राहिली.

"अहो, संपवला मी गेम. दोनदा. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

खरं सांगायचं तर त्या क्षणी चष्मेवाल्यांना वाटलं, यापेक्षा तो डॉक्टर परवडला असता!