पिन काढून उतरणारे देवरे काका

आमच्या शेजारचे देवरे काका मोटरसायकलवरून उतरण्याआधी स्वतःची पिन काढतात. गाडीची किल्ली नव्हे, स्वतःची पिन. त्यांच्या हातमोज्यांच्या वायरी जाड जॅकेटच्या बाह्यांतून आत शिरतात, कमरेपाशी एकत्र येतात आणि तिथून एक शेपटी सीटखालच्या बॅटरीकडे जाते. एकदा पिन काढायची विसरून ते भाजी घ्यायला उतरले, तर गाडीने त्यांना मागे ओढून धरलं. हातात मेथीची जुडी, एक पाय हवेत. मखमलाबादच्या मळ्यातून भाजी आणणाऱ्या मावशी शांतपणे म्हणाल्या, "काका, चार्जिंग पूर्ण होऊ द्या की."

हे हातमोजे गाडीच्या विजेवर गरम होतात. नाशिकची थंडी ज्यांनी फक्त पेपरात वाचलीय त्यांना हे चोचले वाटतील. त्यांनी डिसेंबरात सकाळी ओझरच्या पुढे गाडीवर जाऊन बघावं. बोटं आपली की शेजाऱ्याची ते कळत नाही.

काका सातपूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. निवृत्त झाले, पण डोक्यातला मीटर चालूच राहिला. कुठल्याही गोष्टीवर त्यांचा पहिला प्रश्न, "लोड किती?" मी नवा गीझर घेतला, लोड किती. नणंदेच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला गेले, तर पत्रिका न उघडताच, "जेवायला लोड किती?" माझ्या नवऱ्याला बढती मिळाली तेव्हा पेढा तोंडात टाकून त्यांनी तेच विचारलं. तो बिचारा अजून उत्तर शोधतोय.

हातमोज्यांचं शास्त्र त्यांनी मला माझ्याच ओट्यावर बसून समजावलं. मी मटार सोलत होते, म्हणजे पळून जाता येत नव्हतं.

"हे बघ सुजाता, गाडी म्हणजे साधं घर. वीज कमावणारी एकटी कॉइल. इंजिन पळालं तरच तिची कमाई. आणि खाणारे किती? हेडलाइट, हॉर्न, इंडिकेटर, वरून बॅटरीलाही द्यायचं. त्यात मी हे दोन जावई आणले." असं म्हणून त्यांनी हातमोजे वर धरले.

जावयांची सोय व्हावी म्हणून त्यांनी हेडलाइटला एलईडी बसवला, मागचा दिवाही बदलला आणि वाचलेली वीज हातमोज्यांना दिली. मध्ये फ्यूज, हँडलवर छोटासा व्होल्टमीटर. "आणि उभ्या गाडीवर स्विच चालू ठेवायचा नाही. कॉइलची कमाई पडते, बॅटरी उतरते." हे शहाणपण त्यांना एका सकाळी गाडी दारातच चालू ठेवून बराच वेळ हात शेकल्यावर आलं होतं. त्या दिवशी आख्ख्या गल्लीने त्यांची गाडी ढकलली.

"एवढा खटाटोप कशाला? घरात बसून चहा प्या की," मी म्हटलं.

"माझ्यासाठी नाहीये गं. मी नुसतं टेस्टिंग करतोय."

मंगलकाकूंसाठी होतं ते सगळं. काकूंचं माहेर देवळ्याला, तिथे त्यांची थकलेली आई. दर रविवारी सकाळी काका-काकू गाडीवर देवळ्याला जायचे. यंदा थंडी सुरू झाली तशी काकूंनी जाहीर केलं, माझी बोटं पांढरी पडतात, मी एसटीने जाणार. पुढच्या रविवारी काकू एसटीत बसल्या आणि काकांनी गाडी एसटीच्या मागे लावली. पार देवळ्यापर्यंत. मग दर रविवारी तेच. चांदवडला बस थांबली की खिडकीतून चहा द्यायचे. काकू वैतागून सांगायच्या, "आख्खी एसटी हसते मला. कंडक्टर विचारतो, मावशी, ते मागचे तुमचेच का?"

मीही हसायचे. पण एकदा काका सहज बोलून गेले, "मागची सीट मोकळी असली की गाडी हलकी लागते. वळणावर कळतं." आणि लगेच व्होल्टमीटरची काच पुसायला लागले. मला फार वाईट वाटलं. त्या माणसाला बायको पुन्हा मागच्या सीटवर हवी होती, बाकी सगळी नुसती वायरिंग होती.

शेवटची चाचणी मागे बसणाऱ्यावर करायची होती. त्यांनी मला निवडलं. "तुझा आणि काकूचा लोड सारखाच आहे." काकू माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठ्या आणि अंगाने चांगल्या भरलेल्या. दुसऱ्या कोणाकडून मी हे ऐकून घेतलं नसतं. शनिवारी सकाळी आम्ही पिंपळगावपर्यंत गेलो. वाटेत सगळं धुकं, माझे हात मात्र तव्यावरून काढलेल्या भाकरीवर ठेवल्यासारखे. टपरीपाशी थांबल्यावर काकांनी आधी माझी पिन काढली. मग चहाचा ग्लास उचलायला गेले, तर त्यांची बोटंच मिटेनात. त्यांच्या हातात साधे लोकरीचे मोजे होते.

"तुमची जोडी कुठाय?" मी विचारलं.

"गणितात एकच जोडी बसते. दोन लावल्या की बॅटरी थोडी थोडी उतरत जाणार." ग्लास दोन्ही तळव्यांत धरून ते म्हणाले, "तू सांग ना, तिला पुरेल का एवढी ऊब?"

घरी आल्यावर मी काकूंना सगळं सांगितलं. कोथिंबीर निवडता निवडता त्यांचा हात थांबला.

"मला कसली थंडी गं? कांद्याची रोपं लावत, गार चिखलात उभी राहून मोठी झाले मी. बोटं तर लहानपणापासून पांढरी पडतात. मागच्या थंडीत यांना छातीत कफ झाला, महिनाभर खोकत होते. लय घाबरले मी तेव्हा. गाडीवर येऊ नका म्हटलं तर म्हणतील, मी काय म्हातारा झालो का. म्हणून म्हटलं, मीच एसटीने गेले की हे घरी झोपून राहतील." त्यांनी पदराने डोळे टिपले. "आणि हा माणूस एसटीच्या मागे."

दुसऱ्या दिवशी रविवार. मी अंगण झाडत होते. काका नेहमीसारखे एसटीच्या मागे जायच्या तयारीत, गाडी सुरू करून बसलेले. काकू कानाला स्कार्फ बांधून बाहेर आल्या आणि सरळ गाडीपाशी गेल्या. "द्या ते मोजे," म्हणाल्या. काकांनी काकूंच्या हातांत मोजे चढवले, पिन लावली, मीटर बघितला, परत पिन बघितली.

इतकी वर्षं काकू गाडीवर एका बाजूला बसतात. एक हात मागच्या दांडीला, दुसऱ्याची बोटं काकांच्या खांद्याला, तीही गतिरोधक आला तरच. त्या दिवशी त्या बसल्या, अंग वळवलं आणि ते गरम होत आलेले दोन्ही हात काकांच्या जॅकेटखालून आत घालून त्यांच्या छातीवर ठेवले. समोर दूध घ्यायला आलेली माणसं बघत राहिली. काका ताठ.

"मंगल, लोक बघतायत."

"बघू द्या. उभ्या गाडीवर बॅटरी उतरते ना? निघा मग."