दुसरा डॉक्टर

सबनीस काका आमच्या किचनच्या फरशीवर पहिल्यांदा मेले तेव्हा मी कांदा चिरत होते. ते साखर मागायला आले होते. बोलता बोलता त्यांचा हात छातीशी गेला, चेहरा पांढराफटक पडला, ओट्याला धरत ते खाली सरकले आणि निपचित झाले. मी किंचाळत फोनकडे धावले. इमर्जन्सीचा नंबर लावते आहे तोवर फरशीवरून आवाज आला, "डाव्या हाताचं जरा जास्त झालं का गं?"

त्यानंतर ते आमच्याकडे बऱ्याचदा मेले. अपेंडिक्सनं, दम्यानं, एकदा नुसत्या उचकीनं. माझी ईरा आता टीव्हीवरची नजरसुद्धा काढत नाही. "आई, काका इज डाइंग अगेन," एवढं सांगते आणि पाय वर घेते, म्हणजे त्यांना पडायला जागा होते.

ओहायोतल्या डब्लिनला काका आमच्या शेजारी, मुलीकडे राहतात. तरुणपणी दादरहून लंडनला शिकायला गेले, शिक्षण सोडलं आणि नट झाले. चाळीसेक वर्षं ब्रिटिश टीव्हीवर आणि सिनेमात कामं केली. तुम्ही त्यांना पाहिलं असण्याची दाट शक्यता आहे, ओळखण्याची मुळीच नाही. इजिप्तचा मंत्री, मेक्सिकोचा पाद्री, इराणी हेर, बुडत्या बोटीवरचा आचारी. "गोरे सोडून सगळे झालो," ते सांगतात. "एकदा गोराही झालो, पण तेव्हा अंधार होता."

सगळ्यात जास्त वेळा ते डॉक्टर झाले. त्यातही, शेवटच्या पाट्यांमध्ये त्यांच्या नावापुढे कायम 'दुसरा डॉक्टर'. पहिला डॉक्टर नर्सच्या प्रेमात पडण्यात गुंतलेला असायचा, त्यामुळे नातेवाइकांना वाईट बातमी द्यायचं काम दुसऱ्याकडे यायचं.

"भूमिका लहान, पण जागा मोक्याची!" हे त्यांचं पालुपद. इथल्या मराठी मंडळाच्या नाटकात त्यांना पोस्टमन केलं होतं. यायचं, पत्र द्यायचं, जायचं. काकांनी दारात उभं राहून घाम पुसला, चपलेतला खडा काढला, पाणी मागितलं, चवीनं संपवलं, पाकिटावरचा पत्ता दोनदा वाचला. नायक-नायिका ताटकळत उभे. टाळ्या पोस्टमनला पडल्या. दिग्दर्शक अजून त्यांच्याशी बोलत नाही.

ग्रोसरीच्या दुकानात चीजचे तुकडे चाखायला देणाऱ्या बाईंकडून त्यांनी एका दुपारी तीनदा चीज खाल्लं. एकदा स्कॉटिश बोलत, एकदा लंगडत, आणि एकदा तक्रार करायला, की मघाचा तो लंगडा फार खातो.

काका गाडी चालवत नाहीत. "रस्त्याच्या चुकीच्या बाजूनं? नो, माय डिअर. तत्त्वाचा प्रश्न आहे." मुलगी आणि जावई ऑफिसला जातात, मी गुरुवारी घरून काम करते. म्हणून गुरुवारी दुपारी त्यांना मेडिकल कॉलेजला सोडायचं काम माझ्याकडे आलं. तिथे होऊ घातलेल्या डॉक्टरांच्या सरावासाठी काही माणसं पेशंट होतात, काही पेशंटचे नातेवाईक. विद्यार्थ्यांनी त्यांना तपासायचं, त्यांच्याशी बोलायचं, आणि शेवटी या नटांनी सांगायचं की काय बरं वाटलं आणि काय खुपलं. आमच्या फरशीवरचे सगळे मृत्यू ही त्याचीच तालीम.

एका गुरुवारी मी त्यांना सोडून निघत होते, तर तिथे हे सराव घेणारी लिंडा धावत आली. त्या दिवशीच्या प्रसंगात काकांच्या मुलीची भूमिका करणारी बाई आली नव्हती. मी बसेन का? बोलायचं काही नाही.

काका खूश. "तुझं पदार्पण! अगं, न बोलणाऱ्याकडेच प्रेक्षक बघतात."

एक छोटी खोली, एका भिंतीला काच, दोन खुर्च्या आमच्या, एक रिकामी. प्रसंग असा, की काकांच्या पत्नीला हार्ट अटॅक आलाय, आम्ही बाहेर थांबलोय. दार उघडून एमिली नावाची विद्यार्थिनी आली. कोवळी पोर, पांढरा कोट नवाकोरा. ती दाराशीच उभी राहिली, मुठी आवळून, आणि पाठ केल्यासारखी भरभर बोलली. हृदयाची गती, औषधं, आम्ही सर्व प्रयत्न केले, परंतु दुर्दैवानं.

मला वाटलं, आता काका कोसळणार. मी फरशीवर जागासुद्धा बघितली.

काका कोसळले नाहीत. त्यांनी खिशावर हात ठेवला आणि साध्या इंग्रजीत म्हणाले, "तिचा चष्मा माझ्याकडे राहिलाय. तिला लागेल ना आत."

एमिलीचं तोंड उघडं राहिलं. काचेपलीकडून लिंडानं थांबायची खूण केली.

"ये, बस," काका तिला म्हणाले. तिचे डोळे भरले होते. "आय वॉज टेरिबल," ती म्हणाली.

"घाबरली होतीस. वाईट नव्हतीस. दोनच गोष्टी. आधी बसायचं. उभा माणूस नेहमी निघायच्या बेतात वाटतो. आणि तिचं नाव घ्यायचं. तू 'पेशंट' म्हणालीस. मी पेशंटशी लग्न केलं नव्हतं."

"काय नाव आहे त्यांचं?"

काका जरा थांबले. "सुलभा."

"सुल-बा."

"भ. पोटातून येऊ दे. भा."

तिनं चार-पाच वेळा म्हणून बघितलं. मग बाहेर गेली, पुन्हा आत आली. खुर्ची ओढून काकांसमोर बसली. "मला फार वाईट बातमी सांगायची आहे," ती म्हणाली. "सुलभा गेली." आणि गप्प बसली. उठायची घाई केली नाही.

लिंडानं पुन्हा खूण केली, प्रसंग संपला होता. काका खाली मान घालून तसेच बसून राहिले. शेवटी मीच त्यांच्या दंडाला हात लावला.

मी त्यांना घेऊन परत निघाले. हायवेला लागल्यावर मी विचारलं, "काका, ते नाव त्यांनी दिलं होतं?"

"नाही. त्यांच्या कागदावर नुसतं 'पत्नी' आहे. सुलभा आमची."

मग त्यांनी सांगितलं. मुलगी तेव्हा अमेरिकेत होती. लंडनमध्ये काकूंना हॉस्पिटलात नेलं, काका बाहेर एकटे बसले होते. एक तरुण डॉक्टर आला. काकांना बघून त्याचा चेहरा खुलला. "अहो, तुम्ही ते टीव्हीवरचे डॉक्टर ना? लहानपणी आम्ही सगळे तुम्हाला बघायचो!" आणि मग त्याला आठवलं, आपण कशासाठी बाहेर आलोय. त्यानं घड्याळाकडे बघितलं, उभ्या उभ्या दोन वाक्यं बोलला आणि आत गेला.

"आयुष्यभर मला कोणी ओळखलं नाही," काका म्हणाले, "आणि ओळखलं ते तेव्हा."

"किती वाईट वागला हो तो."

"तो? तो तर अगदी बरोब्बर माझ्यासारखा वागला. आम्ही तसंच करायचो. उभ्यानं बोलायचं, घड्याळ बघायचं, वळायचं. कॅमेऱ्यात छान दिसायचं ते. त्या पोरानं लहानपणी माझ्याकडूनच उचललं असेल, कोणी सांगावं. म्हणून आता या पोरांना जरा बसवतो."

आमच्या गल्लीत वळलो, त्यांच्या दारासमोर मी गाडी थांबवली. मुलीची गाडी अजून आली नव्हती, घरात कोणी नव्हतं. काकांनी सीटबेल्ट सोडला, पण उतरले नाहीत.

मी इंजिन बंद केलं. "सुलभाकाकू कशा होत्या हो?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. "तिला माझा अभिनय अजिबात आवडायचा नाही," ते म्हणाले, आणि सीटवर जरा सैलावून बसत सांगू लागले.