मोडेमचा पंचनामा

मोडेम किंचाळला की गजभिये बाबू भरल्या ताटावरून उठत, आतल्या खोलीत जात आणि त्याला दरडावून विचारत, "कोनं बोलावलं तुले?"

मोडेम उत्तर देत नसे. बाबू तरी क्षणभर थांबत. मंडल कार्यालयात उभी हयात कारकुनी केलेली. समोरच्याला बाजू मांडायची संधी द्यायचीच, हा त्यांचा नियम.

मावला गावात आमची घरं शेजारी होती. इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून येई, ते दिवस. बाबूंनी घरात तीन जुने संगणक एकमेकांना जोडले होते, तिन्हींवर लिनक्स प्रणाली. एक बैठकीत, एक स्वयंपाकघराजवळ, तिसरा मोडेमशेजारी. या तिसऱ्याला ते 'साहेब' म्हणत, कारण बाकीचे दोघे त्याच्यामार्फतच बाहेर जात. कुणी काही मागितलं की साहेब मोडेममधून आपोआप फोन लावी, आणि जोडताना मोडेम किंचाळे. काम संपल्यावर दहा मिनिटांनी ठेवून देई.

"मागनी असंन तरच जोडनी," बाबू अभिमानाने सांगत.

आणि आता पंधरा दिवस कुणी न मागता जोडणी होत होती. तेवढा वेळ फोन एंगेज. मुलगी प्रज्ञा हैदराबादला वसतिगृहात राहायला गेलेली. ती संध्याकाळी बूथवरून फोन करी, आणि तो लागत नसे.

"पोरगी रांगेत उभी राहून वापस जात असंन," गजभिये काकू म्हणाल्या. "फेका ते डबडं!"

"पहिले मुआयना, तपासनी. पुराव्याबिगर कोनाले काढता येत नाही."

पहिल्या दिवशी बैठकीतला संगणक सस्पेंड झाला. वायर काढून बाबूंनी वर कागद चिकटवला : 'चौकशी होईपर्यंत'. मोडेम किंचाळला. दुसऱ्या दिवशी तो बहाल, स्वयंपाकघराजवळचा सस्पेंड. मोडेम किंचाळला.

"दोघं मिळून आहेत," बाबूंनी निष्कर्ष काढला.

तिसऱ्या संध्याकाळी दोघंही बाहेर काढले आणि पंच म्हणून काकूंना आणि मला बसवलं. चहा आला. मोडेम किंचाळला.

"साहेबालाच विचारा ना," मी म्हणालो.

बाबू दचकले. "साहेबावर कोन शक घेते, भाऊ?"

तरी त्यांनी साहेबाला नेमून दिलेल्या कामांची यादी उघडली. तळाशी एक ओळ होती : दर बारा मिनिटांनी प्रज्ञाची मेल आली का, पाहणे. ती ज्या संध्याकाळी गेली, त्याच संध्याकाळी बाबूंनी स्वतः लिहिलेली.

 बाबूंनी ओळ काढून टाकली, पंचनाम्यात 'आरोपी' पुढे आपलं नाव लिहिलं आणि आमच्या सह्या घेतल्या. काकूंची सही वाळायच्या आत फोन वाजला.

प्रज्ञा इतक्या मोठ्याने ओरडत होती, की आम्हालाही ऐकू आलं.

"बाबा! पंधरा दिवसांपासून फोन एंगेज! कोनासंग बोलून राह्यले होते एवढं?"

बाबूंनी चष्मा काढून हातात घेतला.

"तुयासंगच, बाई."