कोंबडीखालचा सीलबंद डबा

घटनेपूर्वी आपण कोणती खबरदारी घेतली होती? जागा अपुरी पडल्यास वेगळा कागद जोडावा.

"बाबांच्या तोंडात एक थेंब जरी गेला ना," बायको चपला घालता घालता म्हणाली, "तर डॉक्टर गुरुवारचं ऑपरेशन रद्द करतील. पंधरा दिवस म्हणजे पंधरा दिवस. आज अकरावा. पुढची तारीख एकदम दोन महिन्यांनी. आणि तोवर बाबा कुठे राहणार?"

कुठे राहणार हे भिंगाला पक्कं ठाऊक होतं. त्याच्या खोलीत, त्याच्या पलंगावर, त्याच्या पेपरातलं शब्दकोडं पेनाने सोडवत.

"आणि तुम्हीही घ्यायची नाही. कळलं? मी लॅबमधून रिपोर्ट घेऊन तासाभरात येते."

भिंग हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हतं. विमा कंपनीत दावे तपासायचं काम तो करायचा. जळालेलं दुकान, बुडालेली गाडी, चोरीला गेलेला फ्रिज. लोक रडून सांगायचे, हा मान डोलवायचा आणि मग विचारायचा, "पण त्या वेळी तुम्ही नेमके कुठे उभे होतात?" अठरा वर्षांत त्याने एकाही माणसाचं पहिल्या भेटीत खरं मानलं नव्हतं. हे नाव त्याला ऑफिसने दिलं आणि आता बायकोही चिडली की तेच वापरायची.

या भिंगाने नवी कोळशाची शेगडी आणली होती. अख्खी कोंबडी बियरच्या डब्यावर बसवून भाजायची, वाफ आतून लागते आणि मांस लोण्यासारखं सुटतं, असं ऑफिसातल्या टायपिस्टने सांगितलं होतं. कृती सोपी होती. अर्धी बियर काढून टाकायची. उरलेल्या अर्धीवर कोंबडी उभी करायची.

अर्धी काढून टाकायची.

कुठे टाकायची, हे कृतीत नव्हतं. भिंगाने ती न्हाणीघरात नेली, कडी लावली, नळ सोडला, आणि ओतून वाया घालवण्याइतका तो दुष्ट नव्हता. वर दोन वेलदोडे चावले.

बाहेर आला तर दारातच सासरे.

"पोट बिघडलंय का जावईबापू?"

"नाही. का?"

"नळ बराच वेळ चालू होता. म्हणून म्हटलं."

भिंगाने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. सासऱ्यांचा चेहरा कोरा. एका कारखान्यात पस्तीस वर्षं बॉयलर सांभाळून निवृत्त झालेला माणूस. कमी बोलणारा. अशांचाच भरवसा नसतो. शिवाय गुरुवार जवळ येत होता तसा म्हातारा बेचैन झालेला. सकाळीच विचारत होता, "भूल दिली की माणूस परत येतो ना हो नक्की?" भिंगाने मनात तेव्हाच नोंद केली होती: शेवटची एकदा घेऊन टाकावी, असा विचार दिसतो.

आणि आता परसात शेगडीवर अर्धी बियर उघडी राहणार. पाऊण तास. आपल्याला फोन आला, कुणी बेल वाजवली, की खेळ खलास.

शंका आली की भिंग हात बांधून बसत नसे. जळालेल्या वस्तूंचे नमुने ठेवायला ऑफिसातून जाड स्टीलचे, फिरकीच्या झाकणाचे डबे मिळत. त्यातला एक कोरा काढला. बियर त्यात ओतली, झाकण दोन्ही हातांनी करकचून पिळलं, त्यावरून आडवी-उभी तार घेतली, तारेला पत्र्याचं सील ठोकलं. चारही बाजूंनी फोटो काढले. मग कोंबडी त्या डब्यावर बसवली आणि शेगडीवर ठेवली. एवढ्या उंचीवर शेगडीचं झाकण काही बसेना. राहू दे म्हणाला.

कोंबडी निखाऱ्यांवर अंग ताठ करून बसली, दात काढायला आलेल्या पेशंटसारखी.

*

घटनेच्या वेळी धोक्याची पूर्वसूचना देणारी कोणी व्यक्ती तेथे होती काय?

"आत काय आहे?" सासऱ्यांनी विचारलं.

"बियर."

"आणि झाकण?"

"आहे ना. घट्ट."

सासरे वाकले. तार बघितली, सील बघितलं, सरळ झाले. "जावईबापू, ते झाकण काढा."

आलं, भिंगाला वाटलं. पाच मिनिटंही दम निघाला नाही. "का बरं?"

"वाफेला वाट पाहिजे."

"वाफेला की तुम्हाला?"

सासऱ्यांना आधी कळलंच नाही. कळल्यावर ते दोन पावलं मागे गेले आणि दाराच्या पायरीवर बसले. भिंगाने शेगडीशेजारी खुर्ची ओढली. दहा मिनिटं तो डब्यावर डोळे लावून बसला.

"बरं, मला असं सांगा," सासरे म्हणाले, "झाकण लावल्यावर वाफ कोंबडीला लागणार कशी? आत बियर आहे का पाणी, तिला काय कळणार?"

उत्तर नसलेला प्रश्न विचारणारा माणूस हमखास काहीतरी लपवत असतो, हा भिंगाचा अनुभव.

"बाबा, विषय बदलू नका."

"मी कुठे बदलतोय! विषय तोच आहे! तो तापतोय!"

पंचवीस मिनिटं झाली. कोंबडीला रंग चढला. आतून बारीक कुरकुर ऐकू यायला लागली. सासरे पुन्हा उठले. या वेळी हातात पक्कड.

"ती पक्कड कुठून आणलीत?"

"तुमच्याच पेटीतून. सरका. तार तोडतो."

"म्हणजे पूर्वतयारी होती तर!"

"अहो, मी असे डबे फुटलेले पाहिलेत! आमच्याकडे एकाने एकदा बॉयलरची झडप दाबून ठेवली होती. छप्पर शोधायला दोन दिवस लागले!"

"छान गोष्ट आहे. साक्षीदार?"

"सगळे पळाले!"

"साक्षीदार नाही," भिंग म्हणाला. अठरा वर्षांत हजारदा म्हटलेलं वाक्य. ते म्हणताना त्याला नेहमीच बरं वाटायचं.

सासऱ्यांनी पक्कड पुढे केली. भिंगाने मनगट धरलं. दोघं शेगडीभोवती अर्धी फेरी फिरले. तेवढ्यात कुरकुर थांबली आणि बारीक शिट्टीसारखा आवाज सुरू झाला. सासऱ्यांनी पक्कड फेकली, जावयाची कॉलर पकडली आणि त्याला पाण्याच्या टाकीमागे ओढलं.

"हात लावू नका! हा सरळ हल्ला आ—"

*

धडाम.

*

कोंबडी उडाली. यात अतिशयोक्ती नाही. ती उभीच्या उभी, पंख आवळून, कमालीच्या सभ्यपणे वर गेली, कुंपणाच्या भिंतीवरून पलीकडे वळली आणि दिसेनाशी झाली. झाकण गच्चीवर कुठेतरी खणखणलं. मागोमाग बियरची वाफ थंड होऊन परसावर भुरभुर उतरली. पुढे वाकून पाहणारे सासरे गळ्यापासून पोटापर्यंत ओले झाले. त्यांच्या पाठीशी असलेल्या भिंगावर थेंबही पडला नाही.

दार उघडलं. बायको. हातात रिपोर्टचं पाकीट.

तिने हवेतला वास घेतला. नवऱ्याकडे पाहिलं. वडिलांच्या शर्टाकडे पाहिलं.

"हे काय?"

"डबा फुटला," भिंग म्हणाला.

"आणि कोंबडी?"

"उडाली."

"उडाली."

"त्या दिशेला."

"त्या वेळी तुम्ही नेमके कुठे उभे होतात?" बायकोने विचारलं, आणि भिंगाला आयुष्यात प्रथमच कळलं की हा प्रश्न ऐकायला कसा वाटतो.

"टाकीमागे. बाबांनी ओढलं मला. बाबा, तुम्हीच सांगा. तुम्ही प्यायलात का?"

सासऱ्यांनी ओला शर्ट चिमटीत धरून पाहिला. बायकोच्या हातातल्या पाकिटाकडे पाहिलं. त्यावर मोठ्या अक्षरांत गुरुवारची तारीख होती. पस्तीस वर्षं बॉयलरच्या दाबाचा काटा लाल रेषेकडे सरकताना पाहिलेला माणूस. त्याने घाई केली नाही.

"हो," ते म्हणाले. "प्यायलो."

"बाबा!"

"काय बोलताय!" भिंग ओरडला. "डबा सीलबंद होता! फोटो आहेत माझ्याकडे! चारही बाजूंनी!"

"डब्यात अर्धीच होती," सासरे शांतपणे म्हणाले. "विचार त्यांना. उरलेली अर्धी कुठे गेली?"

भिंगाने न्हाणीघराच्या दाराकडे पाहिलं.

"ती... ती मी प्यायलो. न्हाणीघरात. नळ सोडून."

बायको जवळ आली. तिचे डोळे भरून आले होते. इतक्या मायेने तिने त्याच्याकडे गेल्या सहा वर्षांत पाहिलं नव्हतं. ती त्याच्या तोंडाशी वाकली आणि तिला फक्त वेलदोड्याचा वास आला.

"बाबांना पाठीशी घालताय," ती म्हणाली. "आणि मी तुम्हाला किती बोलले."

"अगं नाही, खरंच मी—"

"पुरे. एवढं मन आहे तुमच्याकडे हे माहीत नव्हतं मला." आणि ती पदराने डोळे टिपत हॉस्पिटलला फोन करायला आत गेली.

कुंपणापलीकडून शेजारीण डोकावली. तिच्या हातात चादर, चादरीत कोंबडी. "दोरीवर येऊन बसली होती," ती म्हणाली. "तुमचीच का?"

सासऱ्यांनी कोंबडी घेतली, नळाखाली धुतली, बोटाने मांडी दाबून पाहिली. "अजून वीस मिनिटं." त्यांनी बियरचा रिकामा डबा शोधला, त्यात पाणी भरलं, तोंड उघडं ठेवून शेगडीवर मांडला आणि कोंबडी त्यावर पुन्हा बसवली. आतून खिडकीतून बायकोचा आवाज येत होता: "हो, दोन महिन्यांनंतरची चालेल."

भिंग खुर्चीत बसला होता. समोरचा माणूस खोटं बोलतोय याची त्याला आज पहिल्यांदाच शंभर टक्के खात्री होती. साक्षीदार एकच होता, आणि तो न्हाणीघराला आतून कडी लावून बसला होता.

"ऑपरेशनची भीती वाटते, तर तसं सांगायचं ना," तो शेवटी पुटपुटला.

"सांगितलं होतं," सासरे निखारे सारखे करत म्हणाले. "सकाळी. तुम्ही नोंद केलीत."

मग त्यांनी खिशातून पेन काढलं. "आजचा पेपर कुठाय हो?"