तूर्तासरावांचा दिवा

तूर्तासराव सायकलसकट शेजाऱ्यांच्या कुंपणात शिरले, त्या संध्याकाळी बायकोने आधी त्यांच्या केसांतली पानं काढली आणि मग विषय काढला.

"सायकलला दिवा बसेपर्यंत अंधार पडायच्या आत घरात. आणि पुन्हा एकदा पडलात की सायकल माझ्या भावाला देऊन टाकीन."

"त्याला कुठे चालवता येते?"

"म्हणूनच त्याला देणार."

तूर्तासराव पंप बनवणाऱ्या कारखान्यात खरेदी अधिकारी होते. 'तूर्तास थांबू या' हे वाक्य ते इतक्या निष्ठेने उच्चारत, की त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकात उरलं होतं. तीन दुकानांचे दर आल्याशिवाय त्यांनी कारखान्यात खिळासुद्धा येऊ दिला नव्हता. सायकल ही त्यांची एकुलती एक चैन. दिवसभर लोक त्यांना काही ना काही विचारत. सायकलवर कुणी काही विचारत नसे. तेवढ्यासाठी ते तिला जपत.

दुसऱ्याच दिवशी ते सायकलच्या दुकानात गेले.

"चार्जिंगचा हवाय ना? हा घ्या. सगळे हाच नेतात," दुकानदार म्हणाला.

"सगळे नेतात म्हणून मी का न्यावा? याचा झोत किती लांब जातो?"

"समोरचा माणूस दिसतो."

"आणि त्याला मी दिसतो?"

"दिसता की. लांबूनच बाजूला होईल."

"त्याचे डोळे दिपले आणि तो माझ्याच अंगावर आला तर?"

दुकानदाराने दिवा जागेवर ठेवला आणि दुसरं गिऱ्हाईक गाठलं.

तूर्तासराव खोलात शिरले. झोत मोठा घ्यावा तर बॅटरी लवकर उतरते. बॅटरी मोठी घ्यावी तर दिवा जड होतो, आणि जड दिवा पहिल्याच खड्ड्यात मान टाकतो. स्क्रूने घट्ट बसवला तर रोज काढून चार्जिंगला लावायचा कसा? रबरी पट्ट्याने बसवला तर चोराची तेवढीच सोय. त्यांनी स्वतःलाच सांगितलं, तूर्तास थांबू या.

पण अंधार थांबेना. थंडीचे दिवस आले, सूर्य लवकर मावळू लागला, आणि त्याच्या आत घरी पोचायचं म्हणून तूर्तासरावही दर आठवड्याला थोडे आधी निघू लागले. शेवटी एकदा दुपारच्या चहाचे कप उचलले जात असतानाच त्यांनी पँटला क्लिप लावली, आणि साहेबांनी आत बोलावलं.

"कुठे जाता हो रोज?"

"घरी."

"इतक्या लवकर घरी जाऊन काय करता?"

"काही नाही. अंधाराच्या आत पोचायचं असतं, साहेब. सायकलला दिवा नाहीये."

"मग घ्या की."

"निवडतोय."

"कधीपासून?"

"गेल्या तिमाहीपासून."

साहेब खुर्चीत मागे रेलले. अख्ख्या कारखान्याची यंत्रं घेणारा माणूस सायकलच्या दिव्यापाशी अडून बसतो, हे त्यांना पटणं शक्य नव्हतं. इतकं फालतू कारण माणूस काहीतरी मोठं लपवतानाच देतो. म्हणजे हा रोज मुलाखतीला जातोय.

"किती देतायत ते लोक?" साहेबांनी मऊ आवाजात विचारलं.

"कोण लोक?"

"असू दे. नका सांगू."

दुसऱ्या दिवशी सकाळी तूर्तासरावांना बढती मिळाली. घरी सोडायला कारखान्याची गाडी, सोबत ड्रायव्हर, आणि काम संपेपर्यंत बसण्याची पूर्ण मोकळीक. गाडी पुढच्या दिवशी संध्याकाळपासून सुरू होणार होती.

बायकोने बातमी ऐकताक्षणी भावाला फोन लावला. "रविवारी ये आणि सायकल घेऊन जा."

"अगं, तूर्तास राहू दे ना."

"तूर्तास नाही. रविवारी."

दुसऱ्या दिवशी सकाळी तूर्तासराव सायकलने कारखान्यात आले ते नेहमीपेक्षा हळू. दिवसभर त्यांनी कुणाला धड उत्तर दिलं नाही. संध्याकाळी ते जड पावलांनी बाहेर आले, तर गाडीचं बॉनेट उघडं टाकून ड्रायव्हर उभा.

"बरेच दिवस गोदामात पडून होती ना, साहेब. पुढचे दोन्ही दिवे गेलेत, काढून टाकलेत. मोठे साहेब म्हणाले, तुमची सही घे आणि नवीन आण. समोरच मिळतात, हा गेलो नि हा आलो."

तूर्तासरावांनी पेन उघडलं. दिव्यांच्या रिकाम्या खोबण्यांकडे पाहिलं. पेन मिटलं.

"असे कसे आणता? झोत किती लांबचा हवा?"

"साहेब, या गाडीला एकच प्रकार बसतो."

"तिथेच तर घोडं अडतं. एकच प्रकार असला तर तुलना कशाशी करायची? तूर्तास थांबू या. तोवर गाडी दिवसाउजेडीच काढत जा."

"पण तुम्ही तर आता अंधार पडल्यावरच निघणार."

"हो ना," तूर्तासराव फार दुःखाने म्हणाले. "माझं मी बघतो काहीतरी."

त्यांना दारात पाहून सायकलवाला दुकानदार आतल्या बाजूला सरकला.

"तो द्या," तूर्तासराव म्हणाले.

"कुठला?"

"तुमच्या कोपरापाशी आहे तो."

"याची बॅटरी बघा कशी—"

"काही सांगू नका. बसवून द्या."

घराच्या फाटकात उजेडाचा गोळा आला तशी बायको बाहेर आली. तिने आधी रस्त्याकडे पाहिलं, मग सायकलकडे.

"गाडी कुठाय?"

"तिला दिवे घ्यायचेत. निवड चालू आहे."

"कोण निवडतंय?"

"मी."

बायको आत गेली आणि रविवारी येऊ नकोस म्हणून तिने भावाला फोन केला.